गिरधररावांचं भुसा ओढणारं टेबल

कानबाईच्या सणाला अकरा दिवस उरले होते आणि गिरधरराव महाजनांच्या मागच्या पडवीत चौरंगाचा एक पायसुद्धा तयार नव्हता. देडतलाईहून आणलेली सागाची फळी भिंतीला टेकून उभी होती. गिरधरराव तिच्यासमोर स्टुलावर बसून, अभ्यास न केलेल्या मुलानं प्रश्नपत्रिकेकडे बघावं तसे तिच्याकडे बघत होते.

दोष फळीचा नव्हता, तोंडाचा होता. यंदा भाऊबंदकीची, म्हणजे सगळ्या भावकीची, कानबाई देवी गिरधररावांच्या घरी बसायची होती. त्याची बोलणी करायला सगळे जमले, तेव्हा थोरल्या मनकर्णावहिनींनी सांगितलं की जुन्या चौरंगाला वाळवी लागली आहे, तर उखर्डू मिस्त्रीला नवा करायला सांगून टाका, दोन दिवसांत करून देईल. वहिनी म्हणजे बहात्तर वर्षांच्या, भाऊबंदकीच्या रीतीभातींतला शेवटचा शब्द. त्यांचं बोलणं संपल्यावर कोणी बोलत नाही. गिरधरराव बोलले.

"मिस्त्री कशाला? चौरंग मी करतो. माझ्या हातानं."

सत्तावीस माना त्यांच्याकडे वळल्या. मग वहिनींनी चष्मा वर केला.

"भाऊजी, तुम्ही तर कारखान्यात हजेरी लिहत होते ना?"

यात हसण्यासारखं काय होतं, हे गिरधररावांना आजतागायत कळलेलं नाही. पण हसले सगळे. एका पुतण्याला तर चहाचा ठसका लागला आणि त्याची पाठ थोपटावी लागली.

खरं होतं ते. कागद कारखान्यात तेहतीस वर्षं गिरधरराव टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आत आला हे त्यांना मिनिटापर्यंत ठाऊक असे. आत येऊन तो काय करतो, हे बघायची वेळ मात्र कधी आली नाही. 'कारखान्यात होता, म्हणजे मशीनीतलं कळत असेल' असं कोणी म्हणालं की ते खोकून केळीच्या पिकाबद्दल बोलू लागत. एकसष्टाव्या वर्षी माणसाला काही गोष्टी रात्रंदिवस टोचायला लागतात. आपण जन्मात एकही वस्तू हातानं केली नाही, ही त्यांना टोचत होती. कानबाईसमोर सगळी भाऊबंदकी वाकेल, तेव्हा ती ज्याच्यावर बसली आहे ते गिरधरनं केलं, असं कोणीतरी म्हणावं. बस, एवढंच हवं होतं. एकदाच.

तयारी त्यांची अगदीच नव्हती असं नाही. लाकडाच्या कडांना गोलाई देणारं राउटर नावाचं यंत्र त्यांनी ऑनलाइन मागवून महिनाभर दिवाणाखाली लपवून ठेवलं होतं. फळी आणताना जंगलखात्याच्या नाक्यावर कोणी अडवलं नव्हतं, तरी गाडी थांबवून, खाली उतरून त्यांनी स्वतःच गार्डला पावती दाखवली होती. न विचारता पावती दाखवणारा माणूस त्या गार्डनं नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यानं अर्धा तास बसवून ठेवलं आणि फळी दोनदा मोजली.

यंत्र पहिल्यांदा चालवलं ते फळीवर नाही. तेवढी अक्कल होती. एमडीएफचे, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीचे, काही तुकडे आणले होते, त्यांतल्या एकावर चालवलं. यंत्र असं किंचाळलं की गिरधररावांनी डोळे मिटले, आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या हातात ते यंत्र मन मानेल तिकडे गेलं. तुकड्याचा लचका तुटला. ते एक वेळ चाललं असतं. पण त्यातून जो भुसा उडाला, त्याला भुसा म्हणणं हा भुशाचा अपमान. मैद्याहून बारीक अशी ती पांढुरकी धूळ पडवीतून मधल्या खोलीत गेली. तिथं पंख्याखाली चादरीवर रोटाचा गहू धुऊन वाळत घातलेला होता.

रोट म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्या, आणि रोटाचा गहू म्हणजे सोवळ्यातलं काम. तो घरच्याच बाईनं निवडायचा, धुवायचा, कोणी वास घ्यायचा नाही, दाणा तोंडात टाकायचा नाही. गिरधररावांच्या बायकोनं, वैजयंतीबाईंनी, सगळा गहू पुन्हा धुतला. धुताना त्या खोकत होत्या. पंधरा वर्षं त्यांना दमा आहे. औषधाचा पंप सदा कनवटीला. दोनदा त्यांनी पंप ओढला आणि मग नवऱ्याकडे वळल्या. आवाज अगदी शांत होता.

"अहो, चौरंग करायचा तर करा. पण यापुढं माझ्या छातीत नाही तर रोटाच्या गव्हात एक कण जरी गेला ना, तर ते यंत्र आणि तुम्ही, दोघं रस्त्यावर."

बाहेर पाऊस लागून राहिलेला. अंगणात करायची सोय नाही. म्हणजे आधी धुळीचा बंदोबस्त, मग चौरंग.

मोबाइलवर बघून गिरधररावांना उपाय सापडला. एक टेबल करायचं. यंत्र त्याच्याखाली उलटं टांगायचं, पातं तेवढं वर काढायचं आणि लाकूडच त्याच्यावरून सरकवायचं, म्हणजे यंत्र हातातून पळत नाही. यंत्राभोवती बंद पेटी, पेटीला पाइप, पाइपाला ओढणारा पंखा, पंख्याच्या पलीकडे पिशवी. व्हिडिओतला माणूस काम झाल्यावर टेबलावरून पांढरा रुमाल फिरवत होता आणि रुमाल पांढराच राहत होता. गिरधररावांनी ते दृश्य सात वेळा बघितलं, आणि दुसऱ्याच दिवशी टेबल आणि पेटी स्वतः ठोकून उभी केली.

इथं शेजारच्या भूपेंद्रचा प्रवेश झाला. भूपेंद्रचे चार पॉवरलूम आहेत. यंत्राचा विषय निघाला की तो जेवण अर्धं टाकून येतो.

"काका, टेन्शन मत लो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावून द्या. एकदम फिट."

व्हॅक्यूम क्लीनरनं चार मिनिटं काम केलं आणि त्यातून जळक्या शेवयांसारखा वास आला. तो क्लीनर मुलीनं दिवाळीला दिलेला होता.

"कोई बात नहीं. कूलरचा पंखा उलटा लावू."

कूलरच्या पंख्यानं धूळ ओढली आणि मागून तितकीच परत दिली.

"तेच तर सांगून राहिलो होतो मी काका, हे छोटं काम नाही. याला पाहिजे चक्कीचा ब्लोअर."

हे त्यानं आधी कधी सांगितलं होतं ते गिरधररावांना आठवेना. पण भंगार बाजारात एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा ब्लोअर खरंच मिळाला. ढोलाएवढा होता. दोघांनी तो पडवीच्या मागच्या भिंतीबाहेर, पत्र्याच्या आडोशाला बसवला, भिंतीला भोक पाडून पाइप आत घेतला आणि बटन पडवीतल्याच बोर्डावर, दिवा आणि पंख्याच्या शेजारी काढलं. ब्लोअरला दोन तोंडं असतात, एक ओढतं, एक फेकतं. कोणतं कोणतं, यावर दोघांची चर्चा झाली. भूपेंद्रला अनुभव होता म्हणून त्याचं ऐकलं.

तो श्रावणी सोमवार होता. भिंतीपलीकडे भूपेंद्रच्या ओट्यावर त्याच्या बायकोची, कोकिळाची भिशी चालली होती आणि अकरा उपाशी बायका साबुदाण्याची खिचडी घेऊन बसल्या होत्या. गिरधररावांनी बटन दाबलं. ओढणारं तोंड मोकळंच राहिलं होतं. फेकणाऱ्या तोंडाला पाइप होता, आणि त्या वाऱ्यानं पेटीतली चार दिवसांची साठलेली धूळ खिडकीतून एका दमात पलीकडे गेली. गिरधरराव धावत खिडकीशी गेले, तेव्हा एक बाई चमचा तोंडात घालून म्हणत होत्या, "कोकिळा, दाण्याचं कूट भारी बारीक केलं वं तू!"

पुढचं सांगण्यासारखं नाही. कोकिळाचा आवाज पार शाहपूर गावापर्यंत गेला म्हणतात. भूपेंद्र त्या वेळी घरात कुठंच सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, माणूस हिंदीतला कागद घेऊन आला. कोणीतरी तक्रार केली होती. गिरधररावांनी कागद उघडला. रहिवासी भागात विनापरवानगी कारखाना चालवल्याबद्दल खुलासा मागवला होता, आणि वर लिहिलं होतं, 'कारखाना संचालक, श्री गिरधर महाजन'.

भीती तर वाटलीच. पण ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. तेहतीस वर्षं कारखान्यात घालवून ज्यांना कोणी कारखान्याचा माणूस म्हटलं नाही, त्यांना सरकारनं घरबसल्या संचालक केलं होतं.

"साहेब, पण मी तर रिटायर झालो आहे. एक चौरंग फक्त."

"वो सब लिखकर दे दो अंकल. उत्पादन क्या-क्या होता है, कब से होता है, सब."

"उत्पादन काहीच नाही हो."

"तो यही लिख दो."

आणि गिरधररावांना आपल्या सुंदर हजेरीच्या अक्षरात, खाली सही आणि तारखेसकट लिहून द्यावं लागलं की 'उक्त मशीन से आज दिनांक तक किसी भी वस्तु का निर्माण नहीं हुआ है।' निगमच्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "एकदम सही है।" त्या दिवशी गिरधरराव जेवले नाहीत.

पण हट्ट असा असतो, की तो जेवण सोडून देतो, काम सोडत नाही. पाइप योग्य तोंडाला लागला. सांध्यांतून हवा जाते असा संशय आला, म्हणून प्लंबर लावतात ती मळायची लुगदी त्यांनी प्रत्येक सांध्यावर थापली. एकदा थापली, विश्वास बसला नाही, पुन्हा थापली. ती वाळून दगड झाली. पडवीच्या जाळ्यांवर प्लास्टिक ठोकलं, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. शुक्रवारी संध्याकाळी चार तुकड्यांना लागोपाठ गोलाई दिली आणि वैजयंतीबाईंना दारात बोलावलं. टेबल स्वच्छ, फरशी स्वच्छ. वैजयंतीबाईंनी सगळीकडे बघितलं.

"हं," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

चौतीस वर्षांच्या संसारात इतकं चांगलं 'हं' गिरधररावांना मिळालं नव्हतं. आता चौरंग म्हणजे एका दिवसाचं काम. शनिवार अख्खा हातात होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता लाइट गेली. दुरुस्तीसाठी बंद, संध्याकाळी येईल. गिरधररावांनी पातं बदलायला म्हणून यंत्र टेबलाखालून सोडवलं, पात्याभोवतीची चकती काढली, सगळं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि बोर्डावरच्या मेलेल्या बटनाकडे बघत स्टुलावर बसून राहिले.  चार वाजता दारात काठी वाजली. मनकर्णावहिनी तयारी बघायला आल्या होत्या.

गिरधररावांनी काय सांगायचं ते मनात जुळवलं होतं. 'वहिनी, चौरंग झाला नाही. उखर्डूकडून आणा.' एवढीच दोन वाक्यं. पण वहिनी सरळ पडवीत शिरल्या, टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. चारी पाय भक्कम, वर गुळगुळीत पांढरा सनमायका, कुठं हलत नाही, डुलत नाही.

"अरे वा! झाला ना चौरंग. पण इतका उंच का केला वं माय?"

गिरधररावांनी तोंड उघडलं. खरं बोलायलाच उघडलं होतं.

"तुमचे गुडघे दुखतात ना, वहिनी. खाली बसायला नको."

वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की गिरधररावांना फरशीत शिरावंसं वाटलं.

"माझ्या गुडघ्यांचा विचार केला भाऊजी तुम्ही! माझ्या पोरांनी नाही केला कधी. आणि हे मधात भोक कशाचं?"

"नारळासाठी." एक खोटं बोललं की पुढचं कसं आपोआप येतं. "दर वर्षी नारळ डगमगतो ना."

"आणि खाली ही पेटी?"

"देवाचं सामान ठेवायला."

वहिनींनी पदरानं डोळे टिपले. वैजयंतीबाई दारात उभं राहून हे सगळं ऐकत होत्या.  लाइट साडेसातला आली. तोवर वहिनींनी पडवीत रांगोळी काढायला बायका धाडल्या होत्या. टेबल हलवता येत नव्हतं, कारण पाइप त्या लुगदीनं पेटीला कायमचा चिकटला होता. मग देवीच पडवीत बसेल असं ठरलं. पाइपावर वैजयंतीबाईंनी हिरवी साडी गुंडाळली. बाहेरून तो केळीचा खांब वाटावा, अशी त्यांची कल्पना असावी.

रविवारी कानबाई बसली. नारळाला मुखवटा, नथ, काठाची साडी. नारळ भोकात ठेवला, आणि दर वर्षी ज्याच्याखाली मूठमूठ गहू सारावे लागत, तो घट्ट बसला. "गिरधरनं हातानं केला बरं का हा चौरंग," वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. चहाचा ठसका लागलेल्या पुतण्यानंसुद्धा खाली वाकून पाय बघितले आणि काका, मान गए, म्हणाला. जे ऐकायला गिरधररावांनी अकरा दिवस जीव काढला, ते आज ते दर पाच मिनिटांनी ऐकत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या अंगाला घाम फुटत होता. देवीला यंत्राच्या टेबलावर बसवलं. वहिनींशी तीनदा खोटं बोललो. आता काहीतरी होणार.

संध्याकाळच्या आरतीला पडवी माणसांनी गच्च भरली. धूप, उदबत्त्या, कापूर. जाळ्यांवर प्लास्टिक, फटींत चिंध्या. धूर जायला कुठंच जागा नव्हती. दोन कडवी होईपर्यंत देवीचा मुखवटा दिसेनासा झाला. गिरधररावांनी वैजयंतीबाईंकडे बघितलं. त्या बोर्डाजवळच्या भिंतीला धरून उभ्या होत्या, तोंडावर पदर, खांदे वरखाली होत होते. पंप कनवटीला, पण दोन्ही हातांत नैवेद्याचं ताट. गिरधरराव गर्दीतून वाट काढू लागले. वाट कोणी देईना, सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. त्यांनी "अहो, सरका, सरका" म्हटलं, ते आरतीत बुडालं. वैजयंतीबाईंचा श्वास तिथं कोंडत होता आणि ते चार हातांवरून बघत होते. असे ते जन्मात कधी घाबरले नव्हते.

तेवढ्यात वैजयंतीबाईंनी ताट एका हातावर तोललं आणि कोपरानं बोर्डावरचं बटन दाबलं.

भिंतीबाहेर काहीतरी जागं झालं. नारळानं भोक जवळजवळ बंद केलं होतं, त्यामुळे ब्लोअर नेहमीसारखा किंचाळला नाही. खोल, घोगरा हुंकार निघाला, आणि तो देवीच्या पायाखालून आला. टाळ्या थांबल्या. कानबाईच्या साडीच्या निऱ्या थरथरल्या. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चौरंगावर वाहिलेलं हळदकुंकू हळूहळू सरकत देवीच्या पदराखाली गेलं. अक्षता गेल्या. फुलांच्या पाकळ्या गेल्या. आणि पडवीभर साचलेला धूर एका वाटेनं वळला आणि देवीच्या पायाशी जाऊन नाहीसा झाला. सनमायका पुसल्यासारखा पांढरा झाला.

"घेतलं वं माय!" मनकर्णावहिनी ओरडल्या. "कुंकू घेतलं! धूप घेतला! साठ वर्षांत नाही पाहिलं असं!" आणि सत्तावीसच्या सत्तावीस माणसं फरशीवर आडवी झाली.

उभे दोघेच राहिले. बोर्डाजवळ वैजयंतीबाई, मोकळा श्वास घेत. आणि मध्ये गिरधरराव, ज्यांचं टेबल आत्ता व्हिडिओतल्या माणसाच्या टेबलाहून चांगलं चाललं होतं आणि ज्यांना ते कोणालाही सांगता येत नव्हतं.

सांगू नये, असंच शहाण्या माणसानं ठरवलं असतं. पण वहिनी उठून रडायला लागल्या, तेव्हा गिरधररावांना राहवेना. त्यांनी बटन बंद केलं.

"वहिनी, खोटं बोललो मी तुमच्याशी. हा चौरंग नाही. हे यंत्राचं टेबल आहे. भोक पात्याचं आहे, गुडघ्यांचा विचार मी केलाच नव्हता. आणि कुंकू ब्लोअरनं ओढलं. चक्कीचा आहे. मी बसवला. माझ्या हातानं."

सगळे उठून बसले. आणि मग ते हसले. सत्तावीस माणसं, बोलणीच्या दिवशी हसली होती तशीच, उलट थोडी जास्त मायेनं.

"भाऊजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "देवीच्या कामात तुम्ही कशाला मधे येऊन राहिले?"

"बटन मी दाबलं, वहिनी," वैजयंतीबाई पुढे आल्या. "धुरानं जीव कासावीस झाला म्हणून."

"दाबलं तूच, नाही कोण म्हणतं? पण दाबायची बुद्धी कोणी दिली तुला? चौरंगाच्या जागी हे टेबल करायची बुद्धी यांना कोणी दिली? दर साल कानबाई याच्यावरच बसेल आता. आणि भाऊजी, याला पुन्हा यंत्रबिंत लावायचं नाही. देवीचं झालं ते."

वहिनींचं बोलणं संपल्यावर कोणी बोलत नाही. या वेळी गिरधररावही बोलले नाहीत.

सगळे मधल्या खोलीत रोट खायला बसले. गिरधरराव पडवीत स्टुलावर बसले. टेबल केलं, ते देवीला गेलं. काम चोख झालं, ते देवीनं केलं. चौरंगाची फळी होती तशीच भिंतीला टेकून उभी होती. त्यांना फार एकटं वाटलं.

वैजयंतीबाई ताट घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. कनवटीचा पंप काढून त्यांनी तो गिरधररावांच्या हातात ठेवला.

"सकाळपासून एवढी माणसं, एवढा धूप. दर वर्षी चार-चारदा ओढते मी कानबाईला. आज एकदाही नाही लागला." त्यांनी रोटाचा तुकडा मोडला. "त्यांना म्हणू द्या देवीनं केलं. माझ्या छातीला माहीत आहे कोणी केलं ते."

गिरधररावांनी पंपाकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"भुसा गेला वाटतं डोळ्यात," ते म्हणाले.

"कुठून जाईल?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "एक कण तरी आहे का घरात? जेवा आता."